कवायतीची बंदूक आणि कवितेतली तलवार

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने कोरेगावच्या लढाईवर एक कविता आणून दिली. कविता वाईट नव्हती. तिला लय होती, संताप होता, आणि मधेच एखादी ओळ उसनी न वाटणारी होती. परंतु पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीत तलवारी तळपत होत्या. घोडे उधळत होते, ढालींवर घाव पडत होते. मी त्याला विचारले, "१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात आपल्या माणसाच्या हातात काय होते?" तो म्हणाला, "तलवारच ना, सर?" मी म्हणालो, "बंदूक होती. आणि तो घोड्यावर नव्हता, पायी होता. घोडा होता तो बंदुकीला." तो हसला, पण हिरमुसलाही. तलवार काढून घेऊन मी त्याच्या पूर्वजाच्या हाती काहीतरी कमी मोलाचे दिले, असे त्याला वाटले असावे.

त्याचे हे हिरमुसणे मला महत्त्वाचे वाटते. त्यात त्या मुलाचा दोष नाही. दरवर्षी १ जानेवारीला स्तंभाजवळच्या स्टॉलवर ज्या पुस्तिका, कॅलेंडरे आणि चित्रे विकली जातात ती मी अनेक वर्षे घेत आलो आहे. गायन पार्ट्यांची गाणी ऐकत आलो आहे. या साऱ्या मजकुरात लढाईचे चित्र जवळजवळ एकच आहे. उगारलेली तलवार, पिळदार मिशी, समोर हत्तीघोड्यांचा समुद्र, आणि ५०० जणांनी कापून काढलेले २८,००० गनीम. चित्रातल्या माणसाचा पेहराव बदलला तर तो कोणत्याही ऐतिहासिक कादंबरीच्या मुखपृष्ठावर खपेल. प्रस्थापितांची कादंबरी आम्ही नाकारली. तिचा नायक मात्र घरी घेऊन आलो. हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच वाङ्मयसमीक्षेचा आहे, आणि म्हणून तो मी या पानांवर मांडतो आहे.

प्रथम त्या दिवसाकडे पाहू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याच्या मदतीला निघाली. मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, सहा-पौंडी दोन तोफा आणि त्यांच्यावर मद्रासचे २४ युरोपीय गोलंदाज. रात्रभर पंचवीस मैलांच्या वर चालून सकाळी हे लोक कोरेगावच्या माथ्यावर आले तेव्हा त्यांना भीमेपलीकडे पेशव्यांची फौज दिसली. वीस हजारांच्या आसपास घोडा आणि आठेक हजार पायदळ असे आकडे इंग्रजी कागदांत येतात. मोकळ्या रानात एवढ्या घोड्यासमोर उभे राहणे म्हणजे मरण. स्टॉन्टनने गाव गाठले आणि मातीच्या भिंतींचा आडोसा घेतला.

आता लक्षात घ्यायची गोष्ट अशी की पेशव्यांनी गावावर घोडा घातलाच नाही. गल्लीबोळांत घोडा काय करणार? त्यांनी पाठविले ते पायदळ. अरब, गोसावी आणि कवायती शिपाई अशा काही शे माणसांच्या तीन टोळ्या नदी ओलांडून गावात शिरल्या. अरबांनी तर गावातली मोक्याची जागाच धरली. म्हणजे दिवसभर जी लढाई झाली ती पायदळाची पायदळाशी, घरा-घरातून, भिंतीआडून, बंदुकीने आणि संगिनीने झाली. वीस हजार घोडा बहुतेक वेळ बघत राहिला. २८,००० हा आकडा खोटा नाही, पण ते सगळे एकाच वेळी अंगावर आले नव्हते. आणि ते कापून काढले गेले हे तर कोणत्याच कागदात नाही. पेशव्यांकडील पाच-सहाशे माणसे मेली किंवा जखमी झाली असा इंग्रजांचाच अंदाज आहे. कंपनीकडील मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ भरले. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. जनरल स्मिथ येतो आहे या धास्तीने पेशवे पुढे निघून गेले, आणि स्टॉन्टनही पुण्याला न जाता शिरूरला परतला.

हे सांगितले की काही कार्यकर्ते मित्र नाराज होतात. "सर, तुम्ही आमच्या हातातले कमी करता." २०१८ साली लढाईला दोनशे वर्षे झाली त्या १ जानेवारीला तिथे येणाऱ्या लोकांवर दगड आले, आणि तेव्हापासून या विषयावर एक शब्दही कमी बोलणे म्हणजे माघार असे अनेकांना वाटते. त्यांची भावना मी समजू शकतो. ज्यांनी शंभर वर्षे पाठ्यपुस्तकातून हा दिवस गाळला त्यांच्या मौनाला आपण आरोळीने उत्तर देतो आहोत. पण आरोळीत एक धोका असतो. ती विरोधकाच्या आवाजाच्या पट्टीत द्यावी लागते.

आता त्या बंदुकीविषयी. कंपनीच्या शिपायाजवळ होती ती गुळगुळीत नळीची, गारेवर पेटणारी बंदूक; इंग्रज सोल्जर तिला लाडाने 'ब्राउन बेस' म्हणत. कंपनीने वापरात आणलेल्या नमुन्याची नळी ३९ इंच लांब होती. वजन साडेचार किलोच्या आसपास, आणि टोकाला संगीन. पेशव्यांच्या अरबांकडे बहुतांशी तोड्याच्या लांब बंदुका होत्या; नेमबाजीत त्या कमी नव्हत्या. शंभर यार्डांपलीकडे कंपनीच्या बंदुकीने एका माणसाचा नेम धरून तो लागणे हा योगायोगच. मग तिचे सामर्थ्य कशात होते? एका बंदुकीत ते नव्हतेच. ते ओळीत होते.

एक बार भरण्याची रीत पाहा. कागदी काडतूस दातांनी फाडायचे. थोडी दारू रंजकासाठी कानाशी टाकायची, झाकण लावायचे. बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, वर गोळी आणि कागद. गज काढून ठासायचे, गज परत जागी घालायचा. हे विसरून चालत नाही; घाईत माणसे गज नळीतच ठेवून बार उडवीत आणि मग निकामी होत. मग घोडा चढवायचा, खांद्याला लावायचे, हुकूम झाला की चाप ओढायचा. गार झिजली की ठिणगी पडत नाही. दहा-वीस बारांनंतर नळी काजळीने कोंदते आणि गज आत जाईनासा होतो. धुराने पुढचे दिसत नाही. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन किंवा तीन बार काढी. म्हणजे प्रत्येक बारानंतर वीस-पंचवीस सेकंद हा माणूस शत्रूपुढे निःशस्त्र उभा असतो. त्या वीस सेकंदांत त्याला वाचवतो तो शेजारचा. आणि शेजाऱ्याच्या वीस सेकंदांत याने त्याला वाचवायचे असते. दोन ओळी, खांद्याला खांदा, एकाच हुकमाने फैर. घोडदळ आले तर चारी बाजूंनी तोंडे बाहेर करून संगिनींचा चौकोन. संगिनींच्या कुंपणावर घोडा सहसा स्वतःला झोकून देत नाही. पण चौकोनाचा एक कोपरा फाटला की सगळा चौकोन गेला. कोरेगावात मातीच्या भिंतींनी त्या चौकोनाचे काम केले. ओळी गल्ल्यांत तुटल्या. हातातली कवायत तुटली नाही.

आणि एक गोष्ट. बंदुकीच्या दारूत सोरा असतो. काडतूस दातांनी फाडताना तो तोंडात जातो आणि घसा कोरडा पडतो. रात्रभर चाललेली, सकाळपासून अन्न न मिळालेली ही माणसे दिवसभर काडतुसे चावत होती, आणि भीमा काही पावलांवर असून संध्याकाळपर्यंत त्यांना पाणी मिळाले नाही. रात्र पडू लागली, हल्ल्याचा जोर ओसरला, तेव्हा ते पाण्यापर्यंत पोचले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाण्याला हात लावायची बंदी होती त्या जातीची माणसे त्यांत होती. या एका तपशिलात मला जेवढी कविता दिसते तेवढी शंभर तळपत्या तलवारींत दिसत नाही. पण हा तपशील आमच्या एकाही पोवाड्यात मला भेटलेला नाही.

असे का व्हावे? माझे उत्तर असे की मराठी वीरश्री ही मुळात घोडेस्वाराची वीरश्री आहे. बखरीत, शाहिरीत, कादंबरीत शौर्य नेहमी एका माणसाचे, नावाच्या माणसाचे, घराण्याच्या माणसाचे असते. तो पुढे झेपावतो. तो कुणाचे ऐकत नाही, हेच त्याचे शौर्य. पायदळाचा माणूस मात्र पगारी, बिननावाचा, आणि त्याचे शौर्य म्हणजे जागा न सोडणे. ते पाहायला कंटाळवाणे आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांना रोखून धरले होते. गोल सोडायचा नाही असे ठरले असताना गोल सोडून पुढे घुसले ते आपले सरदार घोडेस्वार, आणि त्यांच्यामुळे गारद्यांचा मारा अडला. आमच्या वाङ्मयाने या उतावळेपणालाही पराक्रम म्हटले. गारदी हा शब्द तर शिवीसारखा वापरला. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यला चाकरीत घेऊन कंपू उभे केले. १८०३ साली असईला याच कवायती पलटणींनी वेलस्लीला असा मार दिला की त्याची दीड हजारांहून अधिक माणसे पडली. मराठ्यांजवळ बंदूक नव्हती किंवा कवायत नव्हती असे मुळीच नाही. पण या पायदळाचा पोवाडा कुणाच्या ओठी राहिला? दत्ताजी राहिला, जनकोजी राहिला. पलटणीचा शिपाई राहिला नाही.

इंग्रजांनी तरी वेगळे काय केले? कोरेगावच्या त्यांच्या हकिगतींतही एक नायक हटकून येतो, लेफ्टनंट पॅटिन्सन. सहा फूट सात इंच उंचीचा हा अधिकारी प्राणांतिक जखमी असताना उठला, बंदूक नळीकडून धरून दस्ता सोट्यासारखा फिरवीत त्याने हिसकावली गेलेली तोफ परत मिळवून दिली. शौर्य निर्विवाद आहे. पण गंमत पाहा, लेखणीला नायक हवा झाला तेव्हा बंदुकीचा सोटा करावा लागला. बाकीचे जे दिवसभर काडतूस-गज-घोडा-चाप करीत होते ते 'देशी शिपाई' या दोन शब्दांत मावले.

त्यांची नावे राहिली ती दगडावर. १८२१ साली स्तंभाचा पाया घातला गेला. कंपनीने तो स्वतःच्या गौरवासाठी बांधला, आपल्या प्रेमापोटी नव्हे, हे विसरण्याचे कारण नाही. पण त्यावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. इतर नावांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायली आहेत. पुस्तिका "५०० महार" म्हणतात. दगड म्हणतो, ओळ मिसळलेली होती. मला विचाराल तर दगड जे सांगतो ते पुस्तिकेपेक्षा स्फोटक आहे. पेशवाईच्या पुण्यात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता तो माणूस इथे इतर जातीच्या शिपायाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि त्या वीस सेकंदांत इतर जातीच्या माणसाचा जीव याच्या हातात होता. मुंबईच्या लष्कराची ही रीत बंगालच्या लष्कराहून वेगळी होती. तिथे उच्चवर्णीयांची भरती होई आणि त्यांचे सोवळे सांभाळले जाई. मुंबईत एकाच कंपनीत सगळे असत. लष्करी कागदांत महारांना 'परवारी' म्हणत. सिंधचा जॉन जेकब हा अधिकारी मुंबईच्या लष्करात ब्राह्मण परवाऱ्याशेजारी ओळीत उभा राहतो हे अभिमानाने सांगत असे. त्याचा अभिमान लष्करी सोयीचा होता. तरीही गोष्ट घडत होती.

इथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. मी घरातला पहिला पदवीधर. अकरावीत असताना एन.सी.सी.त गेलो, ते खरे म्हणजे नाश्त्यासाठी. पहिल्या दिवशी उस्तादांनी ओरडून सांगितले, लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाईन में कदवार खड़े हो. मी उंच, उजवीकडून तिसरा आलो. दुसरा आमच्या गावच्या मोठ्या घरातला मुलगा. गावच्या जत्रेच्या पंगतीत माझी जागा आडनावावरून ठरत होती. इथे ती उंचीवरून ठरली, आणि सबंध वर्ष ती कुणी बदलली नाही. एन.सी.सी.ने जातिव्यवस्था मोडली असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मैदान सुटले की तो त्याच्या वाटेने जाई आणि मी माझ्या. पण माणसांना उभे करण्याची दुसरीही एक रीत असू शकते, हे माझ्या शरीराला पुस्तकाआधी कळले. १८१८ च्या शिपायाला ते कितीतरी जास्त कळले असणार.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही मिसळलेली ओळ पुढे मोडली गेली, आणि ती ज्या विचाराने मोडली तो विचार आणि आपल्या तलवारीच्या कवितेतला विचार हे सख्खे भाऊ आहेत.

१८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारांचा एक हिशेब मांडला. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसावरून वणवा पेटला तिच्या नळीत आटे होते. त्या आट्यांमुळे गोळी गरगरत दूर आणि नेमकी जाई. बंडानंतर देशी शिपायासाठी जी बंदूक आली ती बाहेरून एन्फील्डसारखीच, पण आतले आटे खरवडून नळी गुळगुळीत केलेली. लांबून पाहणाऱ्याला फरक कळू नये, आणि प्रसंग आला तर हिची गोळी गोऱ्याच्या गोळीइतकी पोचू नये. तोफखानाही, डोंगरी तोफांचे अपवाद सोडले तर, देशी हातांतून काढून घेण्यात आला. त्यानंतर कित्येक वर्षे देशी शिपाई हत्यारात एक पिढी मागे ठेवला गेला. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली तेव्हा यांना स्नायडर. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा पराभव झाला, त्या रणात एक गोरी पलटण मार्टिनी घेऊन उभी होती आणि मुंबईच्या दोन देशी पलटणी स्नायडर घेऊन. समोर अयूबखानाच्या तोफा संख्येने आणि जोराने भारी होत्या. देशी पलटणींची फळी मोडली. पुढे चर्चा कशाची झाली? हत्याराची थोडी, तोफांची थोडी, आणि मुंबई लष्करातल्या माणसांच्या 'जाती'ची फार.

लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. लढाऊपणा रक्तात असतो, तो काही वंशांतच असतो, आणि दक्षिणेकडचे लोक तो गमावून बसले आहेत, असे त्याचे ठाम मत होते. गुरखा, शीख, पठाण, डोगरा यांना मागणी आली. आणि १८९२-९३ च्या सुमारास मुंबईच्या लष्करात मिसळ कंपन्या मोडून जातवार कंपन्या करण्याचे धोरण आले. ओळ उंचीने लावायची तेव्हा महाराला जागा होती. कंपनी जातीने लावायची झाली तेव्हा त्याला शेजार उरला नाही. महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या आज्यांची नावे स्तंभावर होती ते 'लढाऊ जात' नाहीत असे कागदावर ठरले.

आता आपली कविता पुन्हा वाचा. तिच्यात "आमच्या रक्तातच लढाई आहे", "जन्मजात वीर", "वाघाचे बछडे" हे शब्द येतात. हा रॉबर्ट्सचाच सिद्धांत आहे. फक्त त्याच्या यादीत आपले नाव घालावे एवढीच मागणी. शौर्य रक्तात असते असे एकदा मान्य केले की शुद्धता रक्तात असते हे नाकारायला तोंड राहत नाही. कोरेगावच्या शिपायाने नेमके याच्या उलट काहीतरी सिद्ध केले होते. शौर्य शिकता येते. सात-आठ महिने मैदानावर घाम गाळला, हाताला क्रम बसला, शेजाऱ्यावर विश्वास बसला की कोणत्याही जातीचा माणूस अकरा-बारा तास जागा धरू शकतो. वर्णाच्या सिद्धांतावर यापेक्षा मोठा आघात कोणत्या तलवारीने केला असता?

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपल्या पहिल्या पिढीच्या नेत्यांनीही क्षत्रियत्वाचा दावा केला होता, तेव्हा त्यांनाही तू रॉबर्ट्सच्या पंगतीला बसवणार का? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली त्यांनी जो अर्ज तयार केला त्यात महार हे मूळचे क्षत्रिय आहेत असे मांडलेले आहे. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी लष्कर आणि पोलिसांतील भरतीसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. ही माणसे अर्ज लिहीत होती. अर्ज ज्याच्याकडे करायचा त्याच्या भाषेत करावा लागतो. बंद दाराला जी किल्ली लागेल ती लावावी लागते. वलंगकरांनी ती किल्ली लावून पाहिली याबद्दल मला आदरच आहे. पण आपण आज कविता लिहितो, अर्ज लिहीत नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, त्यानंतरच्या काळात तरी आपल्याला ती जुनी किल्ली खिशात बाळगण्याचे कारण नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. कवायत म्हणजे आज्ञापालन. महिन्याला सातेक रुपयांसाठी कंपनीच्या हुकमाने चाप ओढणारा माणूस मुक्त कसा? हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवू नये. त्या शिपायाला फटक्यांची शिक्षा होत असे. सुभेदार-मेजर होऊन केस पांढरे झालेला माणूसही कालच आलेल्या गोऱ्या पोराला सलाम करी. याच पलटणी पुढे सिंधमध्ये, पंजाबात, इराणात दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यावर चालून गेल्या. कोरेगावला निव्वळ मुक्तिसंग्राम म्हणणारे या गोष्टी एका वाक्यात उडवतात, आणि त्याला निव्वळ देशद्रोह म्हणणारे देश कुणाचा होता हा प्रश्न एका वाक्यात उडवतात. मला दोघांचीही घाई मान्य नाही. त्या माणसाला दोन मालक माहीत होते. एक फुकट राबवून घेऊन विटाळ मानणारा, आणि दुसरा पगार देऊन मरायला लावणारा. दुसऱ्याच्या चाकरीत मैदान होते, पेन्शन होती, आणि पुढे शाळाही होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते ही गोष्ट आपण सगळे जाणतो. परंतु ती कोरेगावच्या गोष्टीचाच पुढचा भाग आहे अशा रीतीने ती आपल्या कवितेत क्वचितच येते. आपल्याकडे पुस्तक आले ते तलवारीच्या वाटेने आलेले नाही. पलटणीच्या हजेरीपत्रकातून, बराकीतल्या शाळेतून आले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 'लढाऊ जाती'चा सिद्धांत बाजूला ठेवून १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. गरज संपताच चार वर्षांत तिचे नावही पुसले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली, तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंट केले आणि बिल्ल्यावर आडव्या-उभ्या दोन व्हिकर्स मशीनगनी आल्या. पुन्हा तेच, एकट्याने न चालणारे हत्यार. एक जण पट्टा धरणार, एक पाणी बघणार, एक चाप दाबणार.

तर आपण काय लिहावे? मी कवी नाही, मी फक्त काय कमी आहे ते सांगू शकतो. कमी आहेत ती माणसे. दगडावरच्या नावांपैकी एखाद्याची आई, त्याचे कोकणातले गाव, पहिला पगार घेऊन तो घरी आला तेव्हा चावडीवर कसे बोलले गेले, अंगावरचा लाल डगला गावात घालता येत होता की वेशीबाहेर काढून ठेवावा लागत होता. दापोली, मंडणगड, महाड, खेड या पट्ट्यात पेन्शनरांच्या किती पिढ्या होऊन गेल्या. पेन्शनीचे कागद, नाव कापल्याचे दाखले, एखादे पदक, पितळेचे बटण अजूनही कुणाच्या तरी ट्रंकेत असेल. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने पणजोबांचा असा एक कागद वर्गात आणला होता. घडीवर फाटलेला, वर उंची आणि डाव्या भुवईवरची खूण लिहिलेली. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते फेकू नये, मुलांकडून त्याची नक्कल करून घ्यावी आणि या त्रैमासिकाकडे कळवावे.

कविता घेऊन आलेला तो विद्यार्थी जानेवारीत परत आला. त्याने तलवारी काढल्या होत्या, आणि कविता निम्मीच उरली होती, याची त्याला थोडी लाज वाटत होती. त्याने एवढेच विचारले, "सर, ती दारू तोंडात गेल्यावर चव कशी लागत असेल?" मी म्हणालो, खारट, आणि किंचित कडू. त्याने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.